महागलेलं वाक्य

एका बंद दालनात मी उभा आहे. समोर कोरडा हौद, पलीकडे गंजलेलं चाक, वर छताला लोंबणारी साखळी. कुठून सुरुवात करावी याचा अंदाज घेत मी कॅमेरा सावकाश फिरवतोय. कोडं सुटलेलं नाही, पण सुटेल एवढं ठाऊक आहे. कुठल्याही गेममधला हा क्षण मला सगळ्यात आवडतो. तेवढ्यात सोबतची बाई बोलते. ती साखळी चाकाला अडकवून बघावी का, अशा अर्थाचं काहीतरी. मी साखळीकडे धड बघितलंही नव्हतं. दहा सेकंद झाली असतील नसतील. मग मी मुद्दाम उलट्या दिशेला जाऊन भिंतीवरची शिल्पं बघत बसलो, तर तिने तीच सूचना वेगळ्या शब्दांत ऐकवली. थोड्या वेळाने तिसऱ्या शब्दांत. म्हणजे कुणा पगारी लेखकाने बसून एकाच सूचनेची तीन वाक्यं पाडली होती, एका अभिनेत्रीने ती तीन सुरांत म्हटली होती, आणि तिन्हींचा हेतू एकच होता: मी विचार करू नये.

गेम कोणता ते सांगत नाही, कारण कोणताही असू शकतो. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'मधली (२०२२) नायिका एलॉय स्वतःशी इतकी बोलायची की थैली भरली आणि उरलेलं सामान तळावरच्या पेटीत गेलं, हेही ती दर खेपेला जाहीर करायची. शेवटी पॅच, म्हणजे गेम विकल्यानंतरची दुरुस्ती, काढून तिला आवरावं लागलं. 'फॉरस्पोकन'मध्ये (२०२३) नायिकेच्या हातातलं बोलकं कडं किती बडबडेल, ते कमी करायची सोय सेटिंग्जमध्येच आहे. ही सोय मला विलक्षण वाटते. आपले संवाद लोकांना नकोसे होऊ शकतात याची कुणकुण करणाऱ्यांनाच लागली होती. त्यांनी संवाद पुन्हा लिहिले नाहीत. तोटी खेळणाऱ्याच्या हातात दिली आणि मोकळे झाले.

मोठ्या गेम्समधलं लेखन घसरलंय ही ओरड आता जुनी झाली, आणि माझ्या मते ती खरी आहे. पण तिची जी कारणं दिली जातात ती पटत नाहीत. एक गट म्हणतो, लेखकांच्या डोक्यात राजकारण शिरलं. दुसरा म्हणतो, हल्लीच्या खेळाडूंना वाचायचा कंटाळा. तिसरा सरळच म्हणतो, हल्लीच्या लेखकांना लिहिता येत नाही. राजकारणाचं म्हणाल तर 'डिस्को इलिसियम' (२०१९) इतका राजकारणाने ओथंबलेला गेम दुसरा शोधून सापडायचा नाही, आणि अलीकडचं सर्वांत चांगलं लेखन कुठलं असं विचारलं की पहिलं नाव त्याचंच निघतं. वाचायच्या कंटाळ्याचं उत्तरही तोच गेम. त्यात दहा लाखांहून अधिक शब्द आहेत आणि लोकांनी ते तासन्‌तास वाचले. राहता राहिले लेखक. पण एका गेममध्ये ज्या माणसाची वाक्यं लक्षात राहतात, त्याचीच पुढच्या गेममधली वाक्यं भुश्यासारखी का लागतात? दोन-तीन वर्षांत कुणाचा हात असा जात नाही.

जुनं ते सोनं, असंही मी म्हणणार नाही. 'झीरो विंग'च्या युरोपीय आवृत्तीतलं मोडकंतोडकं इंग्रजी पुढे जगभर विनोद म्हणून फिरलं. 'रेसिडेंट ईव्हल'मध्ये (१९९६) खाली येणाऱ्या छताखालून जिल जेमतेम वाचते, आणि तिचा सहकारी तिला काय ऐकवतो, तर तुझं सँडविच होता होता राहिलं. त्या काळचं वाईट लेखन अडाणीपणातून यायचं. भाषांतर करणाऱ्याला भाषा येत नसायची, नटाला प्रसंग माहीत नसायचा. आजचं वाईट लेखन गुळगुळीत असतं. व्याकरण शुद्ध, अभिनय चोख, चेहऱ्यावरची एकेक सुरकुती हलते, आणि वाक्य मात्र कुणाच्याही तोंडी, कुठल्याही प्रसंगी खपेल असं. हे अडाण्याचं काम नव्हे. जाणत्या माणसाने जपून लिहिलेलं आहे ते, आणि दुखणं त्या जपून लिहिण्यातच आहे.

माझ्या मते झालंय ते असं: गेममधलं वाक्य महागलं, म्हणून ते पुन्हा लिहिता येईनासं झालं.

हा बदल एका ठिकाणी अगदी उघड दिसतो. 'मॉरोविंड' (२००२) आणि 'ऑब्लिव्हियन' (२००६) हे एकाच स्टुडिओचे, एकाच मालिकेतले लागोपाठचे गेम. मॉरोविंडमध्ये बहुतेक सगळं बोलणं छापील मजकुरात. सुरुवातीलाच तुमच्या हातात एक पुडकं देतात आणि सांगतात, बाल्मोराला जा, केयस कोसाडेस नावाच्या माणसाला गाठ, पत्ता साउथ वॉल नावाच्या गुत्त्यात मिळेल. नकाशावर बाण नाही, ठिपका नाही. रोजवहीत लिहिलेलं वाचायचं आणि चालू लागायचं. पूल ओलांड, डावीकडचा रस्ता धर, असल्या खुणांवर भिस्त. कधीकधी त्या खुणा चुकीच्याही निघतात आणि आपण एका ओसाड टेकडीवर शिव्या घालत बसतो. पण त्यामुळे लिहिणाऱ्यावर एक जबाबदारी येऊन पडते. रस्ता शब्दांत दाखवायचा म्हणजे त्या रस्त्यावर काय दिसतं, सांगणाऱ्याच्या ते कसं लक्षात राहिलं असेल, याचा विचार करावाच लागतो. साधा पत्ता सांगतानाही माणूस दिसतो.

चार वर्षांनी आलेल्या ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक वाक्याला आवाज आहे. सम्राटाला पॅट्रिक स्ट्युअर्टचा, आणि तो सम्राट सुरुवातीलाच मारला जातो. बाकी अख्ख्या साम्राज्याचं बोलणं मूठभर कलाकारांनी आपसात वाटून घेतलेलं. रस्त्यावरचा भिकारी घोगऱ्या आवाजात भीक मागतो, आणि गावातली काही खबर विचारली की त्याच तोंडातून एकदम सुशिक्षित गृहस्थाचा आवाज निघतो, कारण ते वाक्य सगळ्यांसाठी एकदाच रेकॉर्ड केलेलं. लोक यावर अजून हसतात, मीही हसतो. पण विनोदाच्या पोटात हिशेब आहे. आवाज द्यायचा म्हणजे वाक्यं कमी हवीत. कमी वाक्यांत रस्ता सांगून होत नाही. मग होकायंत्रावर बाण आला. बाण आल्यावर पत्ता सांगायची गरज उरली नाही, आणि पत्ता सांगणारा माणूसही उरला नाही. तो आता म्हणतो, तिकडे जा. कुठे ते बाण दाखवतो.

लिहिलेली ओळ बदलायला काय लागतं? फाइल उघडायची, खोडायची, नवी लिहायची. रेकॉर्ड झालेली ओळ बदलायची तर कलाकाराची तारीख मिळवा, स्टुडिओ घ्या, ध्वनी पुन्हा बसवा, ओठांची हालचाल जुळवा, मोशन कॅप्चर, म्हणजे नटाच्या हालचाली टिपून पात्राला चढवणं, असेल तर सगळा फौजफाटा परत बोलवा. वर फ्रेंच, जर्मन, जपानी आवाजांची हीच वरात. म्हणून ठरलेल्या तारखेला संहितेला कुलूप लागतं. गेमला मात्र लागत नाही. तो शेवटच्या महिन्यापर्यंत बदलत असतो, कापला जात असतो. समजा एक पूल कोसळण्याचा प्रसंग होता. तो जमला नाही, वगळला. पण पुढच्या तीन दृश्यांत पात्रं त्या पुलाबद्दल बोलून बसली आहेत. यातून पोळलेला लेखक पुढच्या वेळी काय करेल? पुलाचं नावच घेणार नाही. 'मागे जे झालं त्यानंतर' असं लिहील. पूल राहिला तरी चालतं, गेला तरी चालतं. अशी चारशे पानं लिहा. कुठल्याही प्रसंगी खपणारी जी वाक्यं मी वर म्हणालो, ती अशी तयार होतात. लेखकाला पूल दिसत नसतो असं नाही. दिसत असतो, आणि तो नजर चुकवतो.

याचं सर्वांत जाहीर उदाहरण 'डेस्टिनी' (२०१४). त्याचा लेखनप्रमुख जोसेफ स्टेटन २०१३ मध्येच बाहेर पडला आणि कथा विसकटून नव्याने जोडण्यात आली. पुन्हा लिहिली म्हणवत नाही, कापून शिवली. त्या शिवणीत एक रहस्यमय बाई येते आणि नायकाला सांगते की सगळं समजावून सांगायला माझ्याकडे वेळ नाही, आणि वेळ का नाही हे समजावून सांगायलाही वेळ नाही. खेळाडूंनी या वाक्याची यथेच्छ टर उडवली, पण मला ते त्या गेममधलं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं. त्या जगाची खरी कथा ग्रिमॉयर नावाच्या कार्डांवर लिहिलेली होती, आणि तीही पुष्कळ बरी होती. फक्त ती कार्डं गेममध्ये वाचता येत नसत. वेबसाइट नाहीतर अ‍ॅप उघडावं लागे. जिथे ओळ स्वस्त होती तिथे लेखन होतं.

(पुढे 'डेस्टिनी २'ची मूळ मोहीमच नोव्हेंबर २०२० मध्ये गेममधून काढून टाकली. पैसे देऊन घेतलेली कथा आज खेळता येत नाही. नेटवर चालणाऱ्या, हंगामाहंगामाने वाढणाऱ्या गेम्समध्ये कथेला शेवट नसतो आणि आता सुरुवातही उरलेली नाही. त्यावर वेगळं लिहायला हवं.)

नायकालाच आवाज दिला की आणखी एक गोष्ट घडते. पहिल्या 'फॉलआउट'मध्ये (१९९७) शेवटचा शत्रू मास्टर. सगळ्या माणसांचं रूपांतर राक्षसी ताकदीच्या म्यूटंटांत करून नवी मानवजात घडवायची हा त्याचा बेत. त्याच्याशी लढता येतं. पण तुम्ही वाटेत कान उघडे ठेवून हिंडला असाल, पुरावा गोळा केला असेल, तर त्याला समोरासमोर सांगता येतं की तुझे म्यूटंट वांझ आहेत, त्यांना पिल्लं होणार नाहीत, हा बेत एका पिढीत संपणार. तो चाचपून पाहतो, त्याला ते पटतं आणि तो स्वतःचा अंत करतो. एक गोळी झाडावी लागत नाही. शेवटच्या शत्रूला युक्तिवादाने हरवता येणं हा या माध्यमाने लावलेला शोध आहे. दुसऱ्या कुठल्या कलेत तो युक्तिवाद वाचकाला स्वतः करता येतो?

'फॉलआउट ४' (२०१५) मध्ये कंट्रोलरला चार बटणं, म्हणून संभाषणात चार पर्याय. तेही पुरे वाक्य नव्हे, एक-दोन शब्द. होय, नाही, प्रश्न, आणि एक 'उपरोध'. उपरोध दाबल्यावर आपला नायक नेमका काय बोलणार हे आधी कळत नाही. बोलून गेल्यावर कळतं. पूर्ण वाक्य आधी दाखवणारा मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून केलेला बदल, हौशी लोकांनी लगेच बनवला आणि तो तुफान चालला. 'एल. ए. न्वार'मध्ये (२०११) साक्षीदारावर 'शंका' घ्यायचं बटण दाबावं तर आपला सभ्य पोलीस अधिकारी त्याच्या अंगावर ओरडत सुटतो. २०१७ च्या नव्या आवृत्तीत त्या बटणांची नावं बदलावी लागली. लक्षात घ्या, नावं बदलली. ओरडणं रेकॉर्ड झालेलं होतं.

संवादाची ही पद्धत जमली नाही असं फॉलआउट ४ करणाऱ्यांनीही पुढे मान्य केलं आणि 'स्टारफिल्ड'मध्ये (२०२३) नायकाला पुन्हा मुका केला. तेवढ्याने लेखन सुधारलं का? मला तरी नाही वाटलं. सवय लागलेली असते.

वाक्य महाग झालं की लिहिणाऱ्याकडे बघायची नजरही बदलते. लेखक म्हणजे खर्च वाढवणारा माणूस. 'ड्रॅगन एज'चं जग उभं करणारा डेव्हिड गेडर बायोवेअरमधून २०१६ मध्ये बाहेर पडला; पुढे २०२३ मध्ये त्याने जाहीरपणे लिहिलं की ज्या कंपनीची ओळखच लेखनाने झाली, तिथे लेखक हळूहळू गळ्यातलं लोढणं वाटू लागले होते. त्याच वर्षी तिथे पन्नासेक जणांना काढलं, त्यात व्हॅरिक हे सर्वांचं लाडकं पात्र लिहिणारी मेरी कर्बीही होती. २०२४ मध्ये ड्रॅगन एज मालिकेतला 'द व्हेलगार्ड' आला तेव्हा व्हॅरिक गेममध्ये होता. त्याला लिहिणारी गेम पुरा होईपर्यंत तिथे नव्हती. याच कंपनीने 'मास इफेक्ट ३' (२०१२) चा शेवट लोकांनी आरडाओरडा केल्यावर तीन-साडेतीन महिन्यांनी वाढवून दिला होता. पुनर्लेखन झालं, पण वरातीमागून घोडं.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. 'द विचर ३' (२०१५) ला पूर्ण आवाज आहे, तो अफाट खर्चिक आहे, आणि तरी त्याचं लेखन उत्तम आहे. खरं आहे. त्यातला ब्लडी बॅरन आठवा. दारुडा, बायकोला मारणारा सरदार. तिचा गर्भपात झाला, मूल नाव न देता पुरलं, आणि त्या मुलाचं पिशाच्च झालं. आपण भूतं मारायचा धंदा करणारे, तलवार काढून विषय संपवता येतो. पण दुसरा मार्गही आहे. बॅरनने ते किळसवाणं, गुरगुरणारं अर्भक स्वतःच्या हातांत उचलून घरापर्यंत न्यायचं, उंबऱ्याखाली पुरायचं आणि मुलगी म्हणून त्याला नाव द्यायचं. आपण शेजारून चालतो आणि ते बिथरलं की मंत्राने शांत करतो. त्या वेळची बॅरनची वाक्यं उचलून दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालता येत नाहीत. तिथे पूल आहे आणि पुलाचं नाव घेतलेलं आहे. हा गेम बाजारात आणायची तारीख दोनदा पुढे ढकलली होती. म्हणजे वेळ विकत घेतला होता. पैशाने वाक्य महाग होतं तसा पैशाने वेळही मिळतो, फक्त तो त्यासाठी खर्चायची तयारी लागते.

बाकीच्यांनी सोपा मार्ग काढला: आवाजच टाळला. 'पेंटिमेंट' (२०२२) हा सोळाव्या शतकातल्या बव्हेरियात घडणारा, छोट्या चमूने केलेला गेम. कुणीही बोलत नाही, सगळं लिहिलेलं. पण प्रत्येकाचं बोलणं त्याच्या वर्गाच्या आणि शिक्षणाच्या अक्षरात उमटतं. मठवासी साधूचं वळण वेगळं, शेतकऱ्याचं वेगळं, छापखानेवाल्याचं छपाईच्या खिळ्यांसारखं. लिहिता लिहिता चुका होतात, खोडून दुरुस्त होतात. समोरचा आपल्याला वाटला त्यापेक्षा जास्त शिकलेला आहे हे नायकाला कळलं की त्याचं अक्षर डोळ्यांदेखत बदलतं. एखाद्याबद्दलचा आपला ग्रह बदलण्याचा क्षण मी याआधी कुठे असा बघितला नव्हता.

डिस्को इलिसियमची गोष्ट तर या वादात साक्ष द्यायला आल्यासारखी आहे. नायक दारूच्या अमलातून उठतो, टाय पंख्याला लटकतोय, आणि प्रकृती तोळामासा असेल तर तो टाय काढायच्या खटपटीतच हृदय बंद पडून गेम संपतो. त्याच्या डोक्यातली चोवीस कौशल्यं सतत एकमेकांशी भांडतात, खोटं बोलतात, त्याला भरीला घालतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो आला तेव्हा फक्त काही संवादांना आवाज होता. पूर्ण आवाज चढला मार्च २०२१ मध्ये. म्हणजे आधी लिहून झालं, लोकांनी वाचलं, आवडलं, आणि मग रेकॉर्ड झालं. इतरांच्या बरोबर उलटा क्रम.

यावर आजकाल कुणी तरी म्हणतंच, की महागाई हाच रोग असेल तर औषध आलंय. एआयने आवाज काढा, एआयने वाक्यं लिहा, ओळ पुन्हा स्वस्त. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने मार्च २०२३ मध्ये घोस्टरायटर नावाचं साधन दाखवलं. गर्दीतली पात्रं येताजाता जे फुटकळ बोलतात, ज्याला धंद्यात 'बार्क' म्हणतात, त्यांचे कच्चे खर्डे ते काढून देतं. आवाजाच्या बाबतीत तर अमेरिकेतले कलाकार जुलै २०२४ मध्ये याच मुद्द्यावर संपावर गेले. मी हा युक्तिवाद हसण्यावारी नेणार नाही. संहितेला कुलूप लागेपर्यंत तात्पुरता यांत्रिक आवाज लावून प्रसंग ऐकून बघायची सोय असेल तर लेखकाचं भलंच आहे. पण ओळ काढणं स्वस्त होणं वेगळं आणि ओळ फेकून देणं स्वस्त होणं वेगळं. दहा खर्डे यंत्र देईल. त्यातले नऊ वाचून टाकून द्यायला आणि दहाव्यात पुलाचं नाव घालायला माणूस लागतो, आणि काढून टाकायच्या यादीत तोच वर असतो. शिवाय माझ्या त्या कोड्याच्या दालनात वाक्यांची टंचाई कुठे होती? तीन होती. एकही नको होतं.

शेवटी 'बाल्डर्स गेट ३'. महागड्या वाक्याचं याहून मोठं उदाहरण नाही. प्रत्येक संवादाला आवाज, प्रत्येक चेहऱ्यावर अभिनय, एकाच प्रसंगाच्या चिक्कार फांद्या. लॅरियन या स्टुडिओने ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा पहिला अंक अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे गेम अर्धवट असतानाच, विकायला काढला आणि पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. मधली जवळपास तीन वर्षं लोक तो पहिला अंक पुन्हा पुन्हा खेळत होते आणि काय खटकतं ते सांगत होते. स्टुडिओ स्वतःच प्रकाशक, त्यामुळे तारीख लादणारं डोक्यावर कुणी नव्हतं.

त्या पहिल्या अंकात विल नावाचा एक साथीदार होता. लोकांपुढे शूर, पण गॉब्लिनांबद्दलच्या सूडाने आतून करपलेला. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये त्याचे संवाद लिहून झाले होते, रेकॉर्ड झाले होते, लोकांनी पैसे देऊन ऐकलेही होते. पूर्ण गेममध्ये जो विल आला त्याची कथा नवी होती, स्वभाव नवा होता आणि आवाज देणारा नटही नवा. अजूनही तो बाकीच्या साथीदारांपुढे मला थोडा फिकाच वाटतो. पण त्याच्या वाक्यांचे पैसे लॅरियनने दोनदा मोजले.